भागाबाईच्या चाकूचा खटका

माझे वडील आधार बाबूराव शिरपूरला करवंद नाक्याजवळ विळे, कोयते आणि चाकू विकतात. दुकान म्हणजे एक शटर, आत लाकडी फळी, फळीच्या टोकाला वस्तू घट्ट पकडणारा लोखंडी व्हाइस आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. सगळं गाव त्यांना आधारनाना म्हणतं. मी संघमित्रा, त्यांची एकुलती एक मुलगी. धुळ्याला देवपुरात एका शाळेत विज्ञान शिकवते आणि शनिवारी दुपारची बस धरून शिरपूरला येते. माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात त्या तापटपणाचाही वाटा आहे.

बाबा अंधश्रद्धा मानत नाहीत. नवस, अंगारा, मांजर आडवं जाणं, सगळ्याला हसतात. एकच गोष्ट मात्र कटाक्षाने पाळतात. धारेची वस्तू कुणाच्या थेट हातात देत नाहीत. फळीवर ठेवतात, गिऱ्हाईक उचलतं. हातोहात दिली की भांडण होतं म्हणे. मी खूप चिडवायची, "बाबा, एवढं सगळं सोडलंत, मग हे कुठल्या सुत्तात लिहिलंय?" तर म्हणायचे, "मी मानत नाही. गिऱ्हाईक मानतं. मग मला पाळायला काय जातं?"

त्यांची ख्याती वेगळ्याच कारणाने होती. आमच्याकडे तापीकाठी केळी. घड उतरवले की टोळीतल्या बायका फण्या कापून वेगळ्या करतात, पाण्यात धुतात, खोक्यात भरतात. कापायला विळा चालतो, पण दिवसभर उठबस करताना कमरेला खोचलेला विळा टोचतो. म्हणून बायका मिटणारा चाकू घेतात. पातं उघडलं की आतली कमान 'खट्' करून खाचेत बसते आणि पातं अडकतं. त्याला म्हणायचं खटका. कंपनीकडून येणारा खटका कडक असतो. केळीच्या चिकाने बरबटलेल्या हाताने तो सुटत नाही, नखं तुटतात. बाबांनी यावर उपाय काढला होता. नवा चाकू व्हाइसला लावायचा आणि बारीक कानशीने खाच थोडी घासायची. एवढ्याने चाकू अंगठ्याने उघडतो, अंगठ्याने मिटतो. याला ते 'हात फिरवणं' म्हणायचे. त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. धुळ्याच्या बाजारात तोच चाकू स्वस्त मिळायचा, तरी बायका बसभाडं न जुमानता आमच्याकडे यायच्या. "नानाना हात फिरेल चाकू", नानांचा हात फिरलेला, म्हणजे खात्रीचा माल. मलाही त्याचा अभिमान होता, आणि तो मी कॉलेजात असताना लपवत असे, हेही खरं.

भागाबाई या टोळीवाल्या बायकांची मुकादम. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज असा की टेम्पोचा हॉर्न लाजावा. करवंद नाक्यावरून तिची टोळी सकाळी टेम्पोत बसते. सून सारिका तिच्याच टोळीत. भागाबाईचा हात एवढा साफ की फणीला कापाचा ओरखडा नाही. परदेशी माल घेणारे व्यापारी तिच्याच टोळीला बोलवायचे. मी लहान असताना शाळेतून येताना ती मला केळीची कमळं, म्हणजे केळफुलं, द्यायची आणि म्हणायची, भाजी तुझ्या मायला सांग, तुला नाही जमायची. तेही खरंच होतं.

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तिने नवा चाकू घेतला. मी त्या शनिवारी दुकानात होते. बाबांनी हात फिरवून चाकू फळीवर ठेवला. तिने उचलला, उघडला, मिटवला, पुन्हा फळीवर ठेवला.

"नाना, आखो थोडा सैल करा. चीक लागस, मंग मिटस नही."

बाबांनी पुन्हा व्हाइसला लावला. दोन हात कानस मारली. तिने परत उघडझाप केली, खूश झाली आणि गेली. यात काही बिघडतंय असं तिथे उभ्या असलेल्या तिघांपैकी एकालाही वाटलं नाही. मी तर विज्ञान शिकवणारी.

बारा दिवसांनी चाकू तिच्या हातातच मिटला. जाड दांड्यावर जोर दिला, खटका सुटला, पातं मागे फिरलं आणि मूठ धरलेल्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या पहिल्या बोटात शिरलं. जवळच्या डॉक्टरांनी टाके घालून घरी पाठवलं. आठवड्याने पट्टी निघाली तेव्हा बोट सरळच. वाकेचना. मी तिला धुळ्याला आणलं, हाताच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, आतली दोरी तुटली आहे. जोडता येते, पण जखम झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. त्यानंतर दोरी आखडते, मग बोटाची खात्री नाही.

तीन आठवड्यांतले दहा दिवस तेव्हाच गेले होते. सरकारी योजनेत हे ऑपरेशन बसतं की नाही ते कागद फिरून आल्यावर कळणार होतं, आणि कागद कसे फिरतात ते शाळेत नोकरी करणाऱ्याला सांगायला नको.

माझं डोकं फिरलं. चाकू हातात मिटतोच कसा? त्याच रात्री कंपनीला मेल पाठवला. फोटो, बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, ग्राहक कायद्याची कलमं, सगळं जोडलं. शेवटी लिहिलं की सदोष माल विकून गरीब बाईचा हात घालवणाऱ्या कंपनीला मी सोडणार नाही. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, मुलीचं मराठी ऐकून गहिवरले.

कंपनी घाबरली असावी. चौथ्या दिवशी त्यांचा माणूस थेट शिरपूरला आला. शाळेला उन्हाळी सुट्टी असल्याने मीही दुकानातच होते. ज्ञानेश्वर नाव, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. म्हणाला, कंपनी वाद वाढवू इच्छित नाही. सोमवारी पेशंटला धुळ्याच्या दवाखान्यात दाखल करा, ऑपरेशनचं कंपनी बघेल. भागाबाईला निरोप गेला. तिच्या घरी त्या दुपारी सारिकाने शेवया केल्या, असं नंतर कळलं.

"फक्त काका, इथे एक सही," ज्ञानेश्वर म्हणाला. "विक्रेत्याची."

कागद मीच वाचला, मोठ्याने. 'सदर वस्तू कंपनीकडून आली त्याच स्थितीत ग्राहकास विकली असून विक्रेत्याने तीत कोणताही बदल अथवा दुरुस्ती केलेली नाही.'

वाचताना माझा आवाज शेवटच्या शब्दांवर अडखळला. बाबांनी पेन घेतलं नाही. म्हणाले, "भाऊ, तुम्ही जेवून या. नाक्यावर खानावळ चांगली शे."

तो गेल्यावर बाबांनी शटर अर्धं ओढलं. त्याच खोक्यातले अकरा चाकू अजून विकायचे होते, कोरे, हात न फिरवलेले. एकेक व्हाइसला लावून पात्याच्या पाठीवर लाकडाने दाब देऊ लागले. मी बाजूला उभी राहून बोलत होते. काय काय बोलले ते आता आठवून लाज वाटते. एक सही आहे. कंपनीला एक ऑपरेशन म्हणजे काहीच नाही. तुम्ही पैसे घेत नव्हता, भलं करायला गेलात. तिनेच सैल करायला सांगितलं. तिचं बोट महत्त्वाचं की तुमची सही?

दहा चाकू टिकले. सातवा की आठवा मात्र सुटला, कोरा असून.

"बघा!" मी जवळजवळ ओरडले. "यांचा मालच खराब आहे. मग कसली अडचण? करा सही."

बाबांनी तो चाकू वेगळा ठेवला. मग भागाबाईचा चाकू घेतला, भिंग लावून खाच बघितली आणि माझ्यासमोर धरला. खाचेवर कानशीचे बारीक ओरखडे, एकाला एक लागून. सुटलेल्या कोऱ्या चाकूची खाच गुळगुळीत होती.

"यांचा एक सुटला. तिचा कोरा असता तर सुटला असता का, हे आता कुणालाच कळणार नाही," ते म्हणाले. "मी घासून ठेवलाय."

"कुणी भिंग लावून बघायला येणार नाही, बाबा."

"मग बाकीच्यांचं काय?"

मला आधी समजलंच नाही. ते म्हणाले, माझ्या हातचे असे चाकू किती बायांच्या कमरेला आहेत? या सालात साठ तरी. थाळनेर, बोराडी, सगळीकडे. सही केली तर मी काहीच केलं नाही असं झालं. मग त्या बायांना कुठल्या तोंडाने सांगू की चाकू परत द्या? का परत द्या? काय झालं? सांगितलं की सही खोटी ठरते, भागाबाईचं ऑपरेशन थांबतं. नाही सांगितलं तर उद्या आणखी एखादीचं बोट.

मी म्हटलं, आठ दिवस थांबा. ऑपरेशन होऊ द्या, मग सांगा. ते व्हाइसचा दांडा फिरवत राहिले. रिकामाच फिरवत होते.

"आठ दिवसांत कितीक टेम्पो भरतात?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. हंगाम चालू होता. मी शटरकडे तोंड फिरवलं, पण पटलं म्हणून नाही. रडू येत होतं म्हणून. आपल्या वडिलांचा राग यावा आणि ते चुकत नाहीयेत हे कळावं, असं दोन्ही एकदम होतं तेव्हा माणसाने कुठे बघावं ते समजत नाही.

ज्ञानेश्वर जेवून आला. बाबांनी त्याला दोन्ही चाकू दाखवले. म्हणाले, यातला एक मी घासलेला, एक तुमचा कोरा, दोन्ही सुटतात. दोष तुमचाही आहे, माझाही आहे. अर्धं अर्धं करू या. ज्ञानेश्वरने पहिल्या चाकूचे फोटो सहा कोनांतून काढले. दुसऱ्याकडे वळून पाहिलं नाही. "काका, तुम्ही स्वतःच कबूल केलंत," तो म्हणाला. वाईट नव्हता तो. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता, एवढंच. संध्याकाळी कंपनीचा मेल आला. विक्रेत्याने मालात बदल केल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

पण त्याआधी, ज्ञानेश्वर निघाल्याबरोबर, बाबा मला घेऊन भागाबाईच्या घरी गेले. ती ओट्यावर बसली होती, हात मांडीवर, बोट पुढे काढून. टोळीतल्या चार-पाच बायका होत्या. सारिकाने शेवयांची ताटली पुढे केली. बाबांनी घेतली नाही. उभ्यानेच म्हणाले,

"भागाबाई, खाच मी घासी. कंपनीले सांगी दिधं. ते आते ऑपरेशन करनार नहीत. खर्च मी करसू."

तिने दुखरा हात पदराखाली घेतला.

"खाच तुम्ही घासी, हाई माले माहीत शे," ती म्हणाली. "मीच तं समोर उभी व्हती. मीच सांगं, सैल करा. मी कोनले बोलनू का? तुम्हनं नाव निघाले नको म्हनीसन गप बसनू. आनि तुम्ही सांगी उनात. आठ दिन थांबाले काय व्हतं तुम्हले?"

"आठ दिनमा आखो कोनं तरी बोट जातं."

"मंग त्यासनं बोट वाचाडाले मनं बोट दिधं तुम्हीन."

बाबांनी मान खाली घातली. इतर बायकांच्या बोटांसाठी तिचं बोट दिलं, यात खोटं काहीच नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीने हळूच कमरेचा चाकू काढला आणि ओट्यावर ठेवला. भागाबाई उठून आत गेली. शेवयांवर माशा बसायला लागल्या होत्या.

खर्च मी करीन म्हणणं सोपं. दुकानात माल असतो, पैसा नसतो. मी शिक्षकांच्या पतसंस्थेत अर्ज टाकला. दोन जामीनदार, संचालकांची बैठक, मंजुरी. नऊ दिवस लागले. तोवर तीन आठवडे उलटून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी जमेल तेवढं केलं. त्या म्हणाल्या, लवकर आणलं असतं तर पुरतं वाकलं असतं. आता अर्धं वाकेल. बाबा बाकावर शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी एकदा स्वतःचं बोट मिटवून बघितलं आणि उघडलं.

त्या महिन्यात बाबा दुकान बंद ठेवून गाडीवर गावोगाव फिरले. बायकांना चाकू परत मागायचे, बदल्यात नव्या खोक्यातला, दाबून बघितलेला कोरा द्यायचे. गंमत म्हणजे निम्म्या बायका देईनात. एवढा छान चालतो, नाना, कसाले परत ल्यातस? बोराडीच्या बेबाबाईने तर त्यांना चहा पाजला, चाकू दिला नाही, उलट बहिणीचाही सैल करून द्या म्हणाली. बाबा तिथे तासभर बसले. एकेचाळीस चाकू गोळा झाले, त्यातले तीन दाब देताच सुटले. ते तीन त्यांनी मला दाखवले. मी तीन बोटं वाचली असं म्हणाले नाही. तसं म्हटलं असतं तर समोर चौथं बोट उभं राहिलं असतं.

कंपनीचं एक कुरिअर मात्र आलं. त्या खोक्यातले उरलेले चाकू परत पाठवा, बदली माल देतो. कारण लिहिलं नव्हतं. बाबांनी दहा पाठवले. तो सुटणारा एक अजून ड्रॉवरमध्ये आहे.

हात फिरवणं त्यांनी बंद केलं. कानस व्हाइसच्या वर खिळ्याला टांगलेली असते. गिऱ्हाईक कमी झालं. कडकच चाकू घ्यायचा तर धुळ्यात स्वस्त मिळतो, हे बायकांचंही बरोबरच आहे. भागाबाई सहा महिने दुकानावरून जायची, आत बघायची नाही. टोळीत तिने चाकू सोडला होता. टबाशी बसून फण्या धुवायची. सारिका सांगायची, सासूबाई पाण्याशी बसल्यापासून बोलत नाहीत. जिचा आवाज नाक्यापासून ऐकू यायचा ती बाई.

दिवाळीनंतरचा शनिवार होता. मी सुट्टीमुळे सकाळीच दुकानात होते. टेम्पो नाक्यावर उभा राहिला आणि भागाबाई उतरून सरळ आत आली.

"एक चाकू द्या."

बाबांनी कोरा चाकू काढला, फळीवर ठेवला. तिने उचलला नाही. ऑपरेशन झालेला उजवा हात पुढे केला, पाची बोटं पसरून.

"हातमा द्या."

"धारनी वस्तू हातमा देत नहीत, भागाबाई. भांडन व्हस."

"भांडन तं व्हई गयं," ती म्हणाली. "आते काय ऱ्हायनं?"

बाबांनी चाकू उचलून तिच्या हातावर ठेवला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. तिने उघडायला घेतला. खटका कडक. उजव्या हाताचं पहिलं बोट मुठीवर आवळत नव्हतं, त्यामुळे पातं ओढलं की मूठच फिरायची. तिने तीनदा ओढून बघितलं. बाबांची नजर वर गेली, खिळ्यावरच्या कानशीकडे. मी पाहिलं. तिनेही पाहिलं. सैल चाकूची गरज आधी नव्हती तेवढी आता तिला होती.

बाबांनी नजर खाली आणली.

तिने चाकू त्यांच्यापुढे धरला. "उघाडी द्या."

त्यांनी उघडला. खट् आवाज झाला. पात्याची पाठ फळीवर जोराने दाबून बघितली, एकदा, दोनदा. मग उघडा चाकू मुठीकडून तिच्या हातात दिला. तिने तो फडक्यात गुंडाळला आणि टेम्पोत जाऊन बसली.

आता रोज असंच चालतं. संध्याकाळी ती बाबांकडून चाकू मिटवून घेते आणि घरी जाते, सकाळी मिटलेला घेऊन येते. बाबा सात वाजायच्या आत शटर उघडतात. सत्तरीचा माणूस, ताप असला तरी. तिला चाकू उघडून द्यायचा असतो म्हणून. ती बोलत नाही, हात पुढे करते. टेम्पोत सून बसलेली असते, तिचे दोन्ही हात धडधाकट आहेत, तिच्याकडून उघडून घेता येईल. भागाबाई तिच्याकडे चाकू देत नाही.